सात नंबरचा शिक्का

मला काहीही वाजवून बघायची खोड आहे. हॉटेलात चहा आला की आधी कपाच्या कडेला नखानं टिचकी मारते. कुणाच्या नव्या फ्लॅटवर गेलो की घरातली बाई कौतुकानं किचन दाखवत असते आणि मी बाथरूममध्ये शिरून बेसिनवर बोट वाजवत असते. नवरा वैतागतो. "अगं, पाहुणे म्हणून आलोय आपण, तपासणीला नाही," म्हणतो. वैतागू दे त्याला. एकवीस वर्षं ज्या हातानं पोट भरलं, तो हात सांगून गप्प बसत नाही.

चाकणला एका सिरॅमिक कंपनीत मी होते. वॉश-बेसिन, कमोड असला माल. भट्टीत भाजून, थंड होऊन भांडं टेबलावर आलं की लाकडी हातोडीनं वाजवायचं आणि आवाजावरून सांगायचं, हे चांगलं की तडकलेलं. बस, एवढंच माझं काम. नणंद प्रत्येक लग्नात चारचौघींना सांगायची, "आमच्या वहिनी कमोड बडवतात." एकदा मीही फटकन बोलले, "तू रोज सकाळी ज्याच्यावर निवांत बसतेस ना, ते तुझ्याखाली फुटत नाही ते माझ्यामुळं. नमस्कार करत जा त्याला." त्यानंतर तिनं विषय काढला नाही.

पण हसण्यावारी न्यायचं काम नव्हतं ते. वरून सगळं चकचकीत पांढरं, आतला तडा डोळ्याला दिसत नाही. चांगलं भांडं शाळेच्या घंटेसारखं खणखणतं आणि आवाज बराच वेळ रेंगाळतो. फुटकं भद्द वाजतं, ते कुणालाही कळेल. पण केसाएवढा तडा असला तर आवाज सुरू छान होतो आणि शेवटी जरासा घशात अडकतो. ते अडकणं ऐकायचाच पगार होता आम्हाला. भांडं पास झालं की त्याच्या बुडाला आपल्या नंबरचा शिक्का मारायचा. माझा बारा नंबर. एकदा शिक्का पडला की ते भांडं जगात कुठंही जाऊन गळो, जबाब बारा नंबरनं द्यायचा.

हे ऐकायला मला मामांनी शिकवलं. माझे सख्खे मामा नव्हेत ते, अख्खी कंपनी त्यांना मामाच म्हणायची. चाकणजवळच्या एका खेड्यातले. जमीन कारखान्यांसाठी गेली तेव्हा घरटी एक नोकरी म्हणून लागले. सुरुवातीची बरीच वर्षं त्यांनी माती दळायच्या गिरणीवर काढली. मोठाले लोखंडी पिंप, आत दगड आणि माती, आणि ते पिंप दिवसभर गरगर फिरायचं. त्याच्याशेजारी माणूस कानात ओरडला तरी ऐकू यायचं नाही. तिथून कुणीतरी त्यांना आमच्या सॉर्टिंगच्या हॉलमध्ये आणलं. त्यांचा नंबर सात.

पहिल्या दिवशी मी हातोडी अशी हाणत होते की जणू खिळाच ठोकायचाय. मामा समोरच्या टेबलावरून उठून आले. "मारू नगंस पोरी. सैल धर, तिला पडू दे. मंग भांडं बोलतंय. आपण गप ऱ्हायाचं." त्या दिवशी जेवायच्या सुट्टीत मी कोपऱ्यात डबा उघडून बसले होते. कोण कुणाच्या डब्यात हात घालतं हे तेव्हा नीट बघितलं जायचं. आजही जातं, फक्त कुणी बोलून दाखवत नाही. आमच्या वस्तीचं नाव ऐकून दोघी जरा सरकून बसल्या होत्या. मामांनी आपली भाकरी मोडली, न विचारता माझ्या डब्यातल्या वांग्यात बुडवली आणि म्हणाले, "तिखट कमी घालती व्हय गं तू?" मग त्या दोघीही सरकत सरकत परत जवळ आल्या.

त्यामुळं मामांचं मला काही वाईट लिहवत नाही. पण हे लिखाण मामांच्या वाईटाचं नाहीच.

त्यांचे कान गेलेत हे मला फार उशिरा कळलं. गिरणीनं जे कुरतडायला घेतलं होतं ते हळूहळू पूर्ण झालं असणार. बसचा हॉर्न वाजला की सगळे उठायचे आणि मामा आम्ही उठलो म्हणून उठायचे. हाक मारली तर 'ओ' यायची नाही, समोर गेलं की यायची. मला वाटायचं, वय झालं, तंद्रीत असतात. मग एकदा त्यांच्या टेबलावरून पास होऊन आलेलं बेसिन मी सहज उचललं, खोडीप्रमाणं बोट मारलं, आणि ते भद्द वाजलं. केसाएवढा तडा नव्हे, चांगली भेग. बुडाला सात नंबर. मी वर बघितलं. मामा माझ्याचकडं बघत होते आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

फडक्यानं ओली शाई पुसली आणि ते बेसिन रिजेक्शनच्या फळीवर ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून ते सुरू झालं. ठरवून नाही, देवाशपथ नाही. आमची टेबलं समोरासमोर. मामा भांडं वाजवायचे आणि डोळे वर करून माझ्या हाताकडं बघायचे. त्यांच्या भांड्याचा आवाज चांगला आला तर मी माझी हातोडी चालू ठेवायची. अडकलेला आला तर माझी हातोडी हवेत थांबायची. थांबली की मामा ते भांडं बाजूला काढायचे. इतकं साधं. हॉलमध्ये आणखी दोन इन्स्पेक्टर होते, सुपरवायझर दिवसातून दहा चकरा मारायचा, पण तीन वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. आम्ही दोघंही त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही. मी रजा टाकली की मामांचीही त्या दिवशी पाठ धरायची. वर्षातून एकदा कंपनीत कानांची तपासणी व्हायची, तिथं मामा तपासणाऱ्या बाईच्या हाताकडं बघून बटण दाबायचे. बाई म्हणायची, "मामा, या वयात काय कान आहेत तुमचे!" मला हसू आवरायचं नाही.

पण एका कानानं दोघांचं ऐकायचं म्हणजे कुठंतरी सांडणारच. मामांकडं लक्ष असताना माझी स्वतःची एखादी चूक व्हायची. लोणावळ्याच्या एका हॉटेलमधून सहा बेसिनं परत आली, सहाही बारा नंबरची. मला मेमो मिळाला. मामांच्या नंबरचं मात्र एकही भांडं परत येईना. सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाला, "शिका जरा मामांकडून." मामा खाली मान घालून हातोडीला कापड गुंडाळत बसले. मी मनात म्हटलं, जाऊ दे, म्हाताऱ्याची थोडीच वर्षं राहिली आहेत.

मग कंपनी विकली गेली. आम्हाला ते गेटवरचा बोर्ड बदलल्यावर कळलं. महिन्याभरात कँटीनमध्ये सगळ्यांना बसवलं आणि एचआरच्या साहेबांनी पडद्यावर चित्रं दाखवली. बाहेरून येणारा माल स्वस्त, आपला महाग, एक भट्टी बंद करावी लागेल, रिस्ट्रक्चरिंग. तो शब्द त्यांनी इतक्या वेळा उच्चारला की शेवटी शेवटी तो एखाद्या औषधाचं नाव वाटायला लागला. मागं बसलेला कास्टिंगचा एकजण म्हणाला, "साहेब, सरळ सांगा ना राव, कोण कोण घरी जाणार?" साहेब म्हणाले, "घरी नाही, आपण त्याला सेपरेशन म्हणतो." कँटीनभर हशा पिकला. तसलं हसू मी माझ्या वडिलांच्या तोंडावर बघितलं होतं, पिंपरीतली त्यांची कंपनी बंद झाली तेव्हा. मी तेव्हा शाळेत होते. त्यांनी घरी येऊन डबा जागेवर ठेवला, हसले, आणि पुढं वर्षभर नीट जेवले नाहीत.

आमच्या सॉर्टिंगसाठी मशीन येणार होतं. भांडं पट्ट्यावरून पुढं सरकणार, एक लोखंडी बोट त्याच्यावर टक् करणार, माइक ऐकणार आणि लाल नाहीतर हिरवा दिवा लागणार. चौघा इन्स्पेक्टरांमधून एकच माणूस राहणार, मशीनशेजारी बसून त्याचं काम तपासायला. कोण राहणार? ज्याच्या नंबरचं भांडं सर्वांत कमी परत आलं तो. नोटीस बोर्डावर यादी लागली. पहिला नंबर सात. दुसरा, बारा.

मी ती यादी वाचली आणि माझं डोकंच फिरलं. अरे, तो सात नंबर कुणाचा आहे? त्या सातमध्ये माझा कान आहे, माझं लक्ष आहे, माझा मेमो आहे! मी मामांना दिलं म्हणून माझं कमी पडलं, आणि आता तेच माझ्या वर जाऊन बसलेत. आमच्या घरी नवऱ्याची शाळेची व्हॅन, ती वर्षातले दोन महिने उभीच. थेरगावच्या घराचा हप्ता. मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. माझा पगार थांबला तर पहिला घाव तिच्या कॉलेजवर पडणार हे न सांगता दोघांनाही कळत होतं. ती मात्र उगाच, "आई, मी एक वर्ष थांबले तरी चालेल," म्हणाली आणि मी तिच्यावर खेकसले. तिची काहीही चूक नसताना खेकसले.

आणि मामांचं? मामींना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागायचं. ते सगळं कंपनीच्या कार्डावर चालायचं. नोकरी गेली की कार्ड गेलं. मी हे ओळखून होते, म्हणून तर तीन वर्षं माझी हातोडी थांबत आली. दोघांची गरज खरी होती, आणि खुर्ची एक होती.

एकदा मी एचआरच्या दारापर्यंत गेले. सांगून टाकावं म्हटलं, मामांना ऐकू येत नाही. दारावर हात ठेवला आणि माझंच मला कळलं, मी काय सांगणार? तीन वर्षं आम्ही कंपनीला फसवलं म्हणून? मग दोघांनाही एकाच गाडीत बसवून बाहेर काढलं असतं. परत फिरले. मग वाटायला लागलं, मामाच बोलतील. आज बोलतील, उद्या बोलतील. मलाच राहू द्या म्हणणार नाहीत ते, पोरीला ठेवा म्हणतील. बसच्या थांब्यावर मी मुद्दाम त्यांच्या शेजारी उभी राहायचे. एकदा ते म्हणाले, "हिला लई तरास हाय गं. सुया टोचून टोचून हाताची पार चाळण झालीया." एवढंच. पुढं काही नाही. मी मान हलवली आणि बसमध्ये दुसऱ्या बाकावर जाऊन बसले.

मशीन आलं. बसवणारा इंजिनिअर बाहेरगावचा, उत्साही, सगळ्यांना 'सर-मॅडम' म्हणणारा. त्यानं सांगितलं, आधी एक चाचणी घेऊ. वीस बेसिनं. काही चांगली, काही मुद्दाम तडकलेली निवडलेली. पहिल्या नंबरच्या इन्स्पेक्टरनं आधी वाजवून शिक्का मारायचा, मग तेच मशीननं तपासायचं, मग निकाल जुळवायचा. प्लँटचे मोठे साहेब आले, एचआर आले. बाकीच्यांना सांगितलं, तुमचं काम नेहमीसारखं चालू ठेवा. त्यामुळं मी माझ्या टेबलावर होते. मामांच्या बरोबर समोर.

मामांनी पहिलं बेसिन वाजवलं आणि वर बघितलं. माझी हातोडी चालू होती. शिक्का. दुसरं वाजवलं, आवाज अडकला, माझी हातोडी थांबली. मामांनी ते बाजूला काढलं. मोठे साहेब इंजिनिअरकडं बघून भुवया उडवत होते, बघा, आमचा माणूस. तिसरं, चौथं. मी काय करत होते? माझी खुर्ची मीच उचलून समोर नेऊन ठेवत होते. दहा बेसिनांपर्यंत एकही चुकलं नाही. एचआरच्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

अकरावं. मामांनी वाजवलं. आवाज उठला, छान उठला, आणि शेवटी घशात अडकला. मी इतकं स्वच्छ आयुष्यात काही ऐकलं नसेल. मामांनी डोळे वर केले. आणि मी माझी हातोडी चालू ठेवली.

लक्ष नव्हतं असं मी बऱ्याच जणांना सांगितलं आहे. नवऱ्याला तेच सांगितलं, मुलीला तेच. ते खोटं आहे. मला ऐकू आलं होतं, हात थांबवायचा हेही कळत होतं, आणि मी तो थांबवला नाही. एकदा, दोनदा, तीनदा माझी हातोडी माझ्या बेसिनवर पडली आणि तिन्ही वेळा मामा माझ्या हाताकडं बघत होते. मग त्यांनी शिक्का उचलला आणि बुडाला सात नंबर मारला.

उरलेली नऊ मी नीट सांगितली. एकच चूक पुरे होती, जास्त करायला मी काही राक्षसीण नव्हते. असा विचार मी तेव्हा केला, खरंच केला.

मशीननं अकराव्या बेसिनला लाल दिवा दाखवला. इंजिनिअरनं त्याच्यात जांभळी शाई ओतली, थोडं थांबला आणि पुसून काढली. तळाच्या भोकापासून एक जांभळी रेघ तशीच राहिली. सगळे वाकून बघायला लागले. मोठ्या साहेबांनी मामांच्या पाठीवर हात ठेवला, "होतं मामा, होतं असं." मामांना ते ऐकू आलं नाही. ते त्या रेघेकडं बघत होते. मी माझ्या टेबलावर वाजवतच होते, कारण थांबायची मला भीती वाटत होती.

माझा हिशोब सरळ होता. पहिला चुकला तर दुसऱ्याला बोलावणार. मी बारा नंबर, माझे कान शाबूत, माझी चाचणी घ्या, वीसपैकी वीस सांगते. दोन दिवस मी बोलावण्याची वाट बघितली. तिसऱ्या दिवशी एचआरनं चौघांनाही एकदमच आत बोलावलं. साहेब छान बोलले. म्हणाले, सर्वांत चांगल्या माणसाकडून जे सुटलं ते मशीनकडून सुटलं नाही, म्हणजे मशीनशेजारी माणूस बसवायची गरजच राहिलेली नाही. ती एक जागासुद्धा मॅनेजमेंटनं रद्द केली. चौघांनाही सारखंच पत्र.

तिथं बसल्या बसल्या मला कळलं. मशीनला मीच पास केलं होतं. माझ्या हातानं मी त्याच्या बुडाला शिक्का मारला होता.

नवरा म्हणतो, "त्यांचं आधीपासूनच ठरलेलं असणार. चाचणी वगैरे सगळा देखावा." असेलही. मीही बरेच दिवस त्याचं म्हणणं धरून बसले होते. पण मामांनी वीसपैकी वीस दिले असते तर? हा प्रश्न डोक्यात आला की नवऱ्याच्या बोलण्याचा काही उपयोग होत नाही.

शेवटच्या दिवशी टेबलावरचं सामान आवरताना मामा माझ्याकडं आले. तीन वर्षांत जे बोलले नव्हते ते पहिल्यांदा बोलले. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "थकली हुतीस व्हय गं त्या दिवशी? थकणारच की. दोघांचं काम एकटी करत हुतीस. माज्यामुळं तुजी बी गेली बघ." अरे देवा. हा माणूस माझी माफी मागत होता! मी नुसती रडले, आणि मामांना वाटलं, नोकरी गेली म्हणून रडतेय. त्यांनी आपली हातोडी मला दिली. तिच्या दांड्याला त्यांच्या बोटांनी खळगे पडलेत. ती माझ्या कपाटात साड्यांच्या मागं आहे. मी ती काढत नाही.

आता मी माण गावात एका आयटी कंपनीच्या बिल्डिंगमध्ये हाउसकीपिंगची सुपरवायझर आहे. कॉन्ट्रॅक्टवर. मुलीचं वर्ष कसंबसं निघालं, माझं सोनं मोडून निघालं. कामाला लागले त्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरच्या लेडीज टॉयलेटमध्ये मी सवयीनं बेसिन वाजवलं आणि आवाज ओळखीचा आला. खाली वाकून मोबाइलचा उजेड पाडला. सात नंबर. शेजारचं, सात नंबर. त्याच्या पलीकडचं, सात नंबर. आतून एक मॅडम बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "काही पडलंय का मावशी?" मी म्हटलं, "नाही मॅडम, लिकेज बघतेय." एकही गळत नाही. मीच तर ऐकली होती ती.

मामींचं पुढं काय झालं ते मला महिनोन् महिने माहीत नव्हतं. मी विचारलंच नाही. भित्री आहे मी, वरवर कितीही तडतड केली तरी. मग या उन्हाळ्यात जुन्या कंपनीतल्या एकीच्या मुलीच्या साखरपुड्याला चाकणला गेले होते. तिनं सांगितलं, मामी गेल्या. कार्ड बंद झाल्यावर मामांनी सरकारी दवाखान्यात नंबर लावला होता. कधी नंबर लागायचा, कधी नाही. मला समोरचं ताट गोड लागेना. कुणाला न सांगता उठले.

बाजारातून स्टँडकडं निघाले तर रस्त्याच्या कडेला एका बाईनं विकायला माठ मांडलेले, आणि माठांपुढं मामा उकिडवे बसलेले. वाळले होते. एक माठ मांडीवर घेऊन बोटानं वाजवत होते. कुणासाठी वाजवत होते देव जाणे, स्वतःला तर ऐकू येत नव्हतं. मी माठांच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिले. त्यांनी वर बघितलं. ओळखलं. चेहरा असा उजळला की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

आता नाही बोलले तर कधीच नाही, हे मला कळलं. भर बाजारात मी मोठ्यानं बोलले, इतक्या मोठ्यानं की माठवाली दचकली. "मामा, मी थकले नव्हते! मला ऐकू आलं होतं! मी मुद्दाम हात थांबवला नाही! मामींचं कार्ड मी घालवलं!" रस्त्यानं जाणारी दोन माणसं थांबून बघायला लागली. माझा घसा दुखला. मामा हसऱ्या तोंडानं ऐकत होते, ऐकत म्हणजे बघत होते. तोंडाकडं नाही. माझ्या हाताकडं.

माझा हात पर्स धरून पोटाशी थांबला होता. अगदी स्थिर. मामांनी मान डोलावली, मांडीवरचा माठ खाली ठेवला आणि बाजूला सारला. "बरं झालं आलीस," म्हणाले. "म्या ह्योच घेनार हुतो." मग त्यांनी दुसरा माठ उचलला, त्याच्यावर बोट मारलं आणि परत माझ्या हाताकडं बघितलं.

दुसऱ्या माठाचा आवाज मी नीट ऐकला, शेवटपर्यंत ऐकला. चांगला होता. मी खाली बसले, समोरचा एक माठ पुढं ओढला आणि वाजवायला लागले. मामांनी पैसे दिले, माठ खांद्यावर घेतला, हात वर करून निरोप दिला आणि गेले. ते वळणाआड दिसेनासे झाले तरी मी वाजवतच होते. शेवटी माठवाली म्हणाली, "ताई, घेणार आहात की नुसतंच वाजवणार?"